मायक्रोकंट्रोलर झोपतो, तरी सेल उतरतो: टायमरने जागं करायची नीट पद्धत कोणती?

काटोल_रोड | १४ एप्रिल, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

काटोलजवळ मामांची संत्र्याची बाग आहे, साडेचार एकर. मी नागपुरात राहतो. ओलीत कधी करायचं हे मामा मातीत बोट खुपसून ठरवतात आणि त्यांचं बोट चुकत नाही. पण गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून बागेच्या पार टोकापर्यंत त्यांना चालवत नाही. म्हणून मी पाच डबे बनवले. प्रत्येकात ३.३ व्होल्ट आणि ८ मेगाहर्ट्झवाली प्रो मिनी (एटीमेगा ३२८पी चिपचा छोटा आर्डुइनो बोर्ड), ओलावा मोजणारा कपॅसिटिव्ह सेन्सर, एक लोरा मॉड्यूल (लांबवर निरोप पाठवणारा रेडिओ) आणि २६०० एमएएचचा एक १८६५० लिथियम-आयन सेल. दर १० मिनिटांनी जागं व्हायचं, मोजायचं, मामांच्या घराकडे पाठवायचं, परत झोपायचं. घरी रिसीव्हर आहे, तो प्रत्येक नोंद वेळेसकट लिहून ठेवतो.

झोपेसाठी पॉवर-डाउन मोड (चिपचं जवळपास सगळं बंद) आणि उठवायला चिपच्या आतला वॉचडॉग टायमर वापरलाय. वॉचडॉग जास्तीत जास्त ८ सेकंदांचा लावता येतो, म्हणून ७५ वेळा झोपवून १० मिनिटं मोजतो. डेटाशीटमध्ये एटीमेगा ३२८पी ३ व्होल्टवर, वॉचडॉग चालू असताना, साधारण ४.२ मायक्रोअँपिअर घेतो असं दिलंय. त्या हिशेबाने सेल वर्षानुवर्षं चालायला हवा.

चालला तेरा दिवस. पाचही डबे एक-दोन दिवसांच्या फरकाने बंद पडले.

दुसरी गोष्ट वेळेची. दिवसाला १४४ नोंदी यायला हव्यात, येतात १३२. रात्री दोन नोंदींमध्ये १० मिनिटं ४५ सेकंद जातात, भर दुपारी ११ मिनिटं.

तर प्रश्न दोन. करंट कुठे जातोय? आणि वॉचडॉग सोडून वेगळं घड्याळ लावावं का? दर पंधरवड्याला सेल बदलायला साठ किलोमीटर जाणं मला झेपणारं नाही, आणि मामांना तर नाहीच नाही.

---

बर्डीचा_सोल्डर | १४ एप्रिल, रात्री १०:४०

२६०० भागिले (१३ गुणिले २४), म्हणजे सरासरी ८.३ मिलिअँपिअर. हा आकडा झोपलेल्या चिपचा नाही भाऊ, तिच्याभोवतीच्या सामानाचा आहे.

माझा अंदाज असा. ओलाव्याचा सेन्सर कायम व्हीसीसीवर (सतत चालू असणाऱ्या सप्लायवर) असेल, तो एकटा ५ च्या आसपास घेतो. लोरा मॉड्यूलला स्लीप कमांड दिली नसेल तर ते स्टँडबायमध्ये दीड मिलिअँपिअर खात बसतं, स्लीपमध्ये तेच एका मायक्रोअँपिअरच्याही खाली येतं. प्रो मिनीवरचा लाल एलईडी एक-सव्वा घेतो, वर बोर्डावरचा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा).

सेन्सरचा प्लस कुठे जोडलाय ते आधी सांग.

---

काटोल_रोड | १४ एप्रिल, रात्री १०:५१

थेट व्हीसीसीला. आणि लोराला स्लीप कमांड दिलेली नाही. पाठवून झालं की ते आपोआप गप्प बसतं असं मी धरून चाललो होतो.

---

नवशिकी_ईटीसी | १४ एप्रिल, रात्री ११:०५

वाचतेय. एक शंका आहे. आम्हाला शिकवलंय की वॉचडॉग हा प्रोग्राम अडकला तर चिप रीसेट करायला असतो. मग त्याने नुसतं जागं कसं करता येतं? रीसेट झालं तर ७५ पर्यंतची मोजणी पुसली नाही का जाणार?

---

निवृत्त_मास्तर | १५ एप्रिल, सकाळी ६:२०

नवशिकीताई, शंका अगदी रास्त आहे, आणि जरा सविस्तर उत्तर देतो, कारण बरेच जण इथेच घसरतात.

वॉचडॉग म्हणजे चिपच्या आत वेगळा बसवलेला छोटा ऑसिलेटर, नाममात्र १२८ किलोहर्ट्झचा, आणि त्याला जोडलेला एक काउंटर. मुख्य क्लॉक बंद पडला तरी हा चालतो. म्हणून तर पॉवर-डाउनमध्ये बाकी सगळं थांबल्यावरही हा उठवू शकतो. काउंटर भरला की काय करायचं हे दोन बिटांवर ठरतं. डब्ल्यूडीई लावला तर रीसेट. डब्ल्यूडीआयई लावला तर फक्त इंटरप्ट (चिपला उठवणारा इशारा), आणि प्रोग्राम जिथे झोपला होता त्याच्या पुढच्या ओळीपासून चालू होतो. रॅम शाबूत राहते, मोजणीही शाबूत. दोन्ही लावले तर पहिल्यांदा इंटरप्ट येतो, डब्ल्यूडीआयई आपोआप उतरतो, आणि पुन्हा लावला नाही तर पुढच्या खेपेला रीसेट. शेतातल्या डब्याला हा तिसरा प्रकार फार उपयोगी, कारण प्रोग्राम अडकला तर चिप स्वतःला सोडवून घेते.

रीसेटवाला प्रकार वापरताना एक जपा. वॉचडॉगने रीसेट झाल्यावर तो चालूच राहतो, आणि तोही सगळ्यात कमी मुदतीवर. जुन्या बूटलोडरमध्ये (चिप सुरू होताच आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये) त्याला वेळेत थांबवायची सोय नव्हती. बूटलोडर संपायच्या आत पुन्हा रीसेट, पुन्हा रीसेट, एलईडी भराभर लुकलुकत राहतो. आपल्या प्रोग्राममध्येही आधी एमसीयूएसआर रजिस्टरमधला डब्ल्यूडीआरएफ बिट (वॉचडॉगने रीसेट झाल्याची खूण) पुसायचा, मगच वॉचडॉग बंद होतो.

आम्ही ८०५१ या जुन्या चिपवर काम करायचो तेव्हा पीकॉन रजिस्टरमध्ये झोपेसाठी दोनच बिट होते, आयडल आणि पॉवर-डाउन. मूळ ८०सी५१ पॉवर-डाउनमध्ये गेला की रीसेट पिन हलवल्याशिवाय उठत नसे. आठ सेकंदांनी स्वतः उठणारी चिप पहिल्यांदा हातात आली तेव्हा मी संध्याकाळभर ती झोपवून उठवत बसलो होतो.

---

नवशिकी_ईटीसी | १५ एप्रिल, सकाळी ८:०२

सर, खूप आभार. आमच्या पुस्तकात हे एका ओळीत उरकलंय.

---

खामला_लॅब | १५ एप्रिल, सकाळी ९:३०

वेळेबद्दल. मास्तरांनी ‘नाममात्र’ हा शब्द वापरला तो महत्त्वाचा. हा आरसी (रेझिस्टर-कपॅसिटरचा) ऑसिलेटर आहे, क्रिस्टल नाही. प्रत्येक चिपमध्ये थोडा वेगळा, शिवाय व्होल्टेज आणि तापमानाबरोबर सरकणारा. ३२८पीमध्ये तापमान वाढलं की त्याची वारंवारता उतरते, म्हणजे ‘आठ सेकंद’ लांबतात. तुमच्या रात्रीच्या ६४५ सेकंदांना ७५ ने भागलं की ८.६ येतात, दुपारच्या ६६० चे ८.८. म्हणजे तुमचा वॉचडॉग थर्मामीटरचंही काम करतोय.

आपल्या गावात हे सगळं जास्तच दिसतं. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले, आणि २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे ३.५. हे सावलीतले आकडे. उन्हातल्या बंद डब्याच्या आत दुपारी साठच्या वर पारा जातो, मी स्वतः मोजलाय.

वेळ काटेकोर हवी असेल तर डीएस ३२३१ ही घड्याळाची चिप लावा. शून्य ते चाळीस अंशांत ±२ पीपीएम (दहा लाखांत दोन), म्हणजे वर्षाला मिनिटभराचा फरक. अलार्मची वेळ झाली की त्याची इंटरप्ट पिन खाली जाते आणि चिप उठते. उठल्यावर अलार्मचा फ्लॅग पुसायला विसरलात तर पिन खालीच राहते आणि दुसरा अलार्म कधीच कळत नाही. माझे दोन दिवस यात गेलेत.

---

गोंडखैरी_बायपास | १५ एप्रिल, दुपारी १:१५

एवढ्या खटाटोपापेक्षा ईएसपी ३२ (वायफायवाला मायक्रोकंट्रोलर) घ्या की राव. डीप स्लीप, टायमर मायक्रोसेकंदांत द्यायचा, दोन ओळींचं काम. झोपेत आरटीसी मेमरी जिवंत राहते, मोजणी तिच्यात ठेवायची. डेटाशीट १० मायक्रोअँपिअर म्हणते.

---

बर्डीचा_सोल्डर | १५ एप्रिल, दुपारी १:४०

@गोंडखैरी_बायपास, १० मायक्रोअँपिअर चिपचे. बाजारात मिळणाऱ्या डेव्ह बोर्डावर बहुतेक वेळा एएमएस १११७ रेग्युलेटर असतो, तो काही न करता ५ मिलिअँपिअर घेतो. सोबत यूएसबीची चिप आणि एलईडी. बोर्ड तोच ठेवून डीप स्लीप लावलं तर भाऊची अडचण आहे तिथेच राहील. शिवाय ईएसपी ३२ डीप स्लीपमधून उठतो तो रीसेट झाल्यासारखा, प्रोग्राम सुरुवातीपासून. वायफायचा फायदा घ्यायचा तर बागेत वायफाय हवं.

---

गोंडखैरी_बायपास | १५ एप्रिल, दुपारी २:०५

बोर्डाचं मान्य. नुसतं मॉड्यूल आणून स्वतः रेग्युलेटर लावला तर १५-२० वर येतो, ते मी करून पाहिलंय. पण बागेत वायफाय नाही हा मुद्दा बरोबर, लोराच लागणार. मग प्रो मिनी ठीक आहे.

---

मृगबहार | १५ एप्रिल, रात्री ९:१०

राम राम मंडळी. मी नरखेडकडचा, माझीही संत्र्याची बाग हाय. तुमचं ते वॉचडॉग मले अर्धं समजलं, पण एक इचारतो. दर दहा मिनटाले ओलावा काहून मोजता? जमिनीतलं पाणी काही दहा मिनटात पळून नाही जात. काळ्या मातीत ओलीत केल्यावर खालपर्यंत मुरायलेच कितीतरी घंटे लागतात. घंट्यातून एकदा पाहिलं तरी लय झालं.

मामा आत्ता मृगाच्या बहाराचा ताण देत असतीन, तर ओलावा किती खाली गेला हे दिवसातून चार-पाच डाव कळलं तरी काम होते. ताणात झाडाले पाणी तोडून झोपवायचं आन् बरोबर टायमाले जागं करायचं, आमचं बी तेच काम हाय. फक्त आमचा टायमर मिरग नक्षत्राचा.

---

काटोल_रोड | १५ एप्रिल, रात्री ९:३५

मृगबहार दादा, मामांना वाचून दाखवलं. म्हणाले, ‘हा माणूस बागवान आहे, याचं ऐक.’ दहा मिनिटं मी कशी ठरवली हे आता मलाच आठवत नाही. तासाला एक करतो.

---

अंबाझरी_संध्याकाळ | १६ एप्रिल, सकाळी ७:५०

तासाला एक केल्याने सेल किती वाढेल, हेही बघू या. लोरा १७ डीबीएम ताकदीवर पाठवताना ८७ मिलिअँपिअर घेतो. छोटा निरोप ०.०६ सेकंदाचा धरला तर ५.२ मिलिअँपिअर-सेकंद. सेन्सर आणि चिप मिळून २०० मिलिसेकंद, १० मिलिअँपिअरने, त्याचे २. एका फेरीचे साधारण ७. दहा मिनिटांवर पसरले तर सरासरी १२ मायक्रोअँपिअर, तासावर पसरले तर २. म्हणजे आज झोपेतले ८ मिलिअँपिअर चालू असेपर्यंत दहा मिनिटं की तास याने काहीच फरक पडत नाही. आधी झोप दुरुस्त करा.

---

सौर_चूल | १६ एप्रिल, सकाळी ११:००

छोटं सोलर पॅनेल लावा आणि विसरा. आपल्याकडे ऊन थोडं का आहे?

---

खामला_लॅब | १६ एप्रिल, सकाळी ११:३५

@सौर_चूल, इथे मी ठामपणे नाही म्हणेन. साध्या लिथियम-आयन सेलला ४५ अंशांच्या वर चार्ज करायचं नसतं, आणि पॅनेल सगळ्यात जास्त देणार ते मेच्या दुपारी, डबा साठवर असताना. सेल लवकर म्हातारा होतो ते वेगळं, धोकाही आहे. पॅनेल लावायचंच तर चार्जरला थर्मिस्टर हवा, गरम असताना चार्जिंग तोडणारा. काही मायक्रोअँपिअरचं काम असताना हा व्याप कशाला?

आणि पॅनेल नसलं तरी डबा पांढरा रंगवा आणि झाडाच्या सावलीत, बुंध्याच्या उत्तरेला बांधा. बहुतेक १८६५० सेलची वापराची मर्यादाही ६० अंशच असते.

---

सौर_चूल | १६ एप्रिल, दुपारी १२:१०

थर्मिस्टरचं लक्षात नव्हतं. माझ्या गच्चीवरच्या डब्याचा सेल दोन उन्हाळ्यांत फुगला, त्याचं कारण आज कळलं. काढतो तो आजच.

---

तर्री_जास्त | १६ एप्रिल, दुपारी १:०५

मे महिन्यात दुपारी एक ते चार सगळं नागपूरच पॉवर-डाउनमध्ये असतं, कूलरचा पंप तेवढा वॉचडॉग. 😄

उन्हाचा विषय निघालाच आहे तर, २०२४ च्या मे मध्ये इथल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश नोंदले गेले होते, आठवतंय? देशभर बातम्या झाल्या, मग हवामान खात्याने सेन्सरचा दोष होता असं सांगितलं.

---

निवृत्त_मास्तर | १६ एप्रिल, दुपारी ४:३०

आठवतं तर. म्हणून माझा आग्रह असतो की कुठलाही आकडा दुसऱ्या मार्गाने एकदा ताडून पाहावा. काटोल_रोड, तुम्ही झोपेतला करंट प्रत्यक्ष मोजलाय का? की डेटाशीटवरच विसंबून आहात?

---

काटोल_रोड | १७ एप्रिल, रात्री ११:२०

मास्तर, मोजला नव्हता. काल आणि आज रात्री बसून मोजला. एक-एक बदल करत गेलो:

सुरुवातीला, जसा होता तसा: ८.१ मिलिअँपिअर.
सेन्सरचा प्लस व्हीसीसीवरून काढून डिजिटल पिन ६ ला लावला, मोजण्यापुरती पिन वर करायची: ३.१.
लोराला झोपायच्या आधी स्लीप कमांड: १.५.
लाल एलईडीची पट्टी ब्लेडने तोडली: ०.१४.

इथवर आनंदच होता. मग मीटर मायक्रोअँपिअरच्या रेंजवर घेतला आणि बोर्ड सुरूच होईना. चालू केलं की एकदा लुकलुकतो आणि मरतो, पुन्हा लुकलुकतो. मीटर खराब आहे का?

---

बर्डीचा_सोल्डर | १७ एप्रिल, रात्री ११:४१

मीटर चांगला आहे. त्या रेंजमध्ये त्याच्या आत मोठा रेझिस्टर असतो, शंभर ओम, काही मीटरमध्ये त्याहून जास्त. झोपेतले १० मायक्रोअँपिअर त्यातून सहज जातात, पण चिप उठताना काही मिलिअँपिअर मागते आणि लोरा तर ८७. रेझिस्टरवरच सगळं व्होल्टेज पडतं, ब्राउन-आउट होतो (चिपला व्होल्टेज कमी पडतं), चिप रीसेट.

युक्ती सोपी आहे. मीटरच्या दोन टोकांना वायरचा तुकडा आडवा लाव, बोर्ड चालू कर, झोपला की तुकडा काढ, आकडा वाच, आठ सेकंदांच्या आत परत लाव.

बाकी, उरलेले १४० मायक्रोअँपिअर बहुतेक बोर्डावरच्या रेग्युलेटरचे. तो उचकटून एमसीपी १७०० लाव, त्याला स्वतःला दीड मायक्रोअँपिअरच्या आसपास लागतात. ६ व्होल्टच्या वर मात्र देऊ नकोस.

---

गोंडखैरी_बायपास | १८ एप्रिल, सकाळी ७:३०

रेग्युलेटरच कशाला? दोन एए सेल थेट व्हीसीसीला जोडा. ८ मेगाहर्ट्झला ३२८पी २.४ व्होल्टपर्यंत चालतो, लोराही चालतो.

---

बर्डीचा_सोल्डर | १८ एप्रिल, सकाळी ८:१०

चिप चालेल, सेन्सर नाही चालणार. त्याला निदान ३.३ लागतात. सेल उतरेल तसा सेन्सरचा आकडा सरकेल आणि मामांना वाटेल माती वाळली. तापमानाचा डबा असता तर तुझंच ऐकलं असतं.

---

निवृत्त_मास्तर | १८ एप्रिल, सकाळी ९:००

आठ सेकंदांत तुकडा काढा-लावा करण्यापेक्षा आणखी एक रीत सांगतो. मीटरच्या मायक्रोअँपिअर रेंजवर माझा फार भरवसा नाही.

४७०० मायक्रोफॅरडचा एक चांगला कपॅसिटर घ्या. तासभर सेलला लावून ठेवा, म्हणजे त्याची स्वतःची गळती खाली येईल. मग बोर्ड चालू करून झोपू द्या, सेल काढा, बोर्ड त्या कपॅसिटरवरच राहू द्या. घड्याळ लावा. व्होल्टमीटर मधूनमधून क्षणभरच टेकवा, कारण तोही थोडा करंट पितो. अर्धा व्होल्ट उतरायला किती सेकंद लागले ते लिहा. कपॅसिटन्स गुणिले उतरलेलं व्होल्टेज, भागिले सेकंद, झाला करंट. शेवटी बोर्ड न लावता नुसता कपॅसिटर किती उतरतो ते बघून तेवढं वजा करा.

---

नवशिकी_ईटीसी | १८ एप्रिल, सकाळी ९:२०

सर 🙏 हे आम्ही बारावीत फक्त गणित म्हणून सोडवलं होतं.

---

काटोल_रोड | २० एप्रिल, रात्री १२:१५

मास्तर, रेग्युलेटर बदलला आणि तुमची रीत केली. ४.१ वरून ३.६ व्होल्टवर यायला ४ मिनिटं ५४ सेकंद लागले. ४७०० गुणिले ०.५ भागिले २९४, बरोबर ८ मायक्रोअँपिअर! तिसऱ्यांदा केलं तरी तेच. बायकोला उठवून दाखवलं. ती म्हणाली, ‘छान आहे, आता तूही स्लीप मोडमध्ये जा.’

पण डबा क्रमांक ४ त्याच दुरुस्तीनंतरही नीट नाही. त्याचा अर्धा व्होल्ट अकरा सेकंदांत उतरतो.

---

अंबाझरी_संध्याकाळ | २० एप्रिल, सकाळी ६:४५

अकरा सेकंद म्हणजे दोनशेहून जास्त मायक्रोअँपिअर. एडीसी (सेन्सरचं व्होल्टेज आकड्यात बदलणारा चिपमधला भाग) चालू राहिलाय. झोपायच्या आधी त्याचं एडीसीएसआरए रजिस्टर शून्य करा आणि उठल्यावर परत लावा. डबा ४ मध्ये प्रोग्रामची जुनी प्रत असेल.

अजून एक तपासा. सेन्सरची पिन खाली केल्यावर त्याच्याकडे जाणारी दुसरी कुठलीही पिन वर ठेवू नका, पुल-अप (पिन वर खेचून ठेवणारा रेझिस्टर) सुद्धा नको. सप्लाय तोडला तरी सिग्नलच्या वायरीतून, संरक्षक डायोडमधून, करंट मागच्या दाराने आत शिरतो. आणि मोकळ्या पिना हवेत तरंगत ठेवू नका.

---

काटोल_रोड | २० एप्रिल, रात्री १०:३०

जुनीच प्रत होती. एडीसी बंद केला, ४ मिनिटं ४० सेकंद. पाचही झाले.

आता घड्याळाचं. डीएस ३२३१ मागवू का?

---

खामला_लॅब | २१ एप्रिल, सकाळी १०:००

मागवण्याआधी एक लक्षात घ्या, मी पहिल्यांदा सुचवलं तेव्हा सांगायचं राहिलं. व्हीसीसीवर चालताना तो नुसता उभ्या उभ्या शंभर मायक्रोअँपिअरपर्यंत घेऊ शकतो. तुमच्या अख्ख्या डब्याच्या दहापट. त्याला बटन सेलवरच चालू द्यायचा आणि व्हीसीसी एका पिनवरून, बोलण्यापुरताच द्यायचा. मग बॅटरीवर असताना अलार्मची पिन हलावी म्हणून कंट्रोल रजिस्टरमधला बॅटरी-बॅक्ड स्क्वेअर वेव्हचा बिट लावावा लागतो. शिवाय बाजारातल्या निळ्या मॉड्यूलवर बटन सेल चार्ज करणारा रेझिस्टर आणि डायोड असतो. सीआर २०३२ चार्ज करायचा सेल नाही. तो डायोड काढल्याशिवाय सीआर २०३२ घालू नका.

दुसरी वाट म्हणजे सुट्या ३२८पीला ३२.७६८ किलोहर्ट्झचा घड्याळी क्रिस्टल लावून टायमर २ चालू ठेवणाऱ्या पॉवर-सेव्ह मोडमध्ये झोपवणं. १०२४ चा प्रीस्केलर (क्लॉकची वारंवारता भागणारा) लावला की बरोबर ८ सेकंदांनी ओव्हरफ्लो. करंट अगदी थोडा, वेळ क्रिस्टलची. पण प्रो मिनीवर त्याच दोन पिनांना मुख्य क्लॉकचा रेझोनेटर लावलेला असतो, म्हणजे बोर्ड नव्याने बनवावा लागेल.

---

बर्डीचा_सोल्डर | २१ एप्रिल, सकाळी १०:३५

मला वाटतं घड्याळ नकोच. वेळ रिसीव्हर लिहितोय, डब्याला वाजले किती हे माहीत असायची गरजच नाही. आणि पाच डबे एकाच अचूक वेळेला उठले तर पाचही एकाच क्षणी ओरडतील, लोराचे निरोप एकमेकांवर आदळतील, आणि दर तासाला तेच होत राहील. वॉचडॉग प्रत्येकाचा थोडा वेगळा पळतो म्हणून आज आदळले तरी पुढच्या तासाला आपोआप वेगळे होतात. तुझ्या कामाला ही चूक फायद्याची आहे.

---

खामला_लॅब | २१ एप्रिल, सकाळी ११:००

पटलं. मी घड्याळाच्या बाजूने बोलत होतो, पण या कामाला बर्डीचा म्हणतो तेच बरोबर. जिथे डबा स्वतः कार्डावर नोंदी ठेवतो आणि ऐकायला कोणी नसतं, तिथे मात्र डीएस ३२३१ ला पर्याय नाही.

---

मृगबहार | २१ एप्रिल, रात्री ८:५०

आनखी एक. काळी माती ताणात भेगाळते. सेन्सर भेगेत आला तर माती सुटते आन् आकडा एकदम कोरडा दिसते, पाणी खाली असूनबी. झाडाच्या घेराच्या आत, ठिबकच्या नळीपासून हातभर दूर लावा, आन् बाजूनं माती चेपून घ्या. पहिले पंधरा दिवस मामाच्या बोटासंग मिळवून पाहा.

---

नवशिकी_ईटीसी | २२ एप्रिल, सायंकाळी ६:१०

मी पण एक करून पाहिलं. माझ्या प्रोग्राममध्ये मिलिस (आर्डुइनोचं मिलिसेकंद मोजणारं फंक्शन) वापरून वेळ मोजत होते आणि झोपेनंतर सगळं चुकत होतं. पॉवर-डाउनमध्ये टायमर शून्य थांबतो, म्हणून मिलिस झोपेतला वेळ धरतच नाही. आता वॉचडॉगच्या फेऱ्या मोजते. आणि सिरियलवरचं शेवटचं वाक्य अर्धवट, विचित्र अक्षरांत यायचं, ते झोपायच्या आधी फ्लश केल्यावर (उरलेली अक्षरं पाठवून संपवल्यावर) थांबलं.

---

निवृत्त_मास्तर | २२ एप्रिल, रात्री ८:००

शाब्बास. आता इंटरप्ट-पिनने उठवायला लागाल तेव्हासाठी आत्ताच सांगून ठेवतो. झोपायच्या क्षणाआधीच इंटरप्ट येऊन गेला तर चिप झोपते आणि उठवणारं कोणी उरत नाही. म्हणून इंटरप्ट बंद करून अट तपासा, मग इंटरप्ट चालू करायची आणि झोपायची सूचना लागोपाठ द्या. एव्हीआर चिपांमध्ये (३२८पी त्यातलीच) इंटरप्ट चालू केल्यानंतरची एक सूचना हमखास आधी पार पडते, त्यामुळे मधे फट राहत नाही.

---

काटोल_रोड | २१ जून, रात्री ९:४५

मंडळी, दोन महिन्यांनी येतोय. पाचही डबे २६ एप्रिलपासून बागेत आहेत, पांढरे, झाडांच्या उत्तरेला. तासाला एक नोंद, वॉचडॉगच्या ४५० फेऱ्या. सेल ४.१२ ला लावले होते, आज सगळ्यात कमी ४.०९ आहे. मे मधल्या एका दुपारी दोन नोंदींत ६६ मिनिटं पडली. मामा म्हणाले, चालेल.

डबा २ मेच्या तिसऱ्या आठवड्यात एकदम कोरडा दाखवायला लागला. भेगच होती, मृगबहार दादा म्हणाले तशी. मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून तिथवर चालत येऊन मातीत बोट घातलं, म्हणाले ‘खाली ओल आहे.’ माती चेपली, दुसऱ्या नोंदीला आकडा जागेवर आला.

परवा पाऊस झाला. पहाटे तीनच्या नोंदीला पाचही आकडे एकामागून एक चढताना मी इथून, नागपुरातून, पाहिले. मामांना फोन लावला तर ते जागेच होते, ओसरीवर बसून.

---

मृगबहार | २१ जून, रात्री १०:०५

लय भारी भाऊ. आता फूल निंगते का ते पाहा. आन् मले असे तीन डब्बे पाह्यजेत. सामान काय काय आनू ते सांग.

---

बर्डीचा_सोल्डर | २१ जून, रात्री १०:२०

दादा, शनिवारी नागपुरात बर्डीवर या, सामान मी काढून ठेवतो. एलईडी आणि रेग्युलेटर मी तिथेच काढून देईन. येताना ४७०० चा कपॅसिटर जुन्या अँप्लिफायरमधून मिळाला तर आणा.

---

निवृत्त_मास्तर | २२ जून, सकाळी ६:१०

कपॅसिटर माझ्याकडे आहेत, तीन. शनिवारी मीही येतो.